एकाच आसवनीच्या दोन बाटल्या : वासाच्या मराठी शब्दांविषयी



व्याख्यानाचा विषय विचारायला अकादमीतून फोन आला, तेव्हा मी 'वासवाचक मराठी शब्द' असं सांगितलं. पत्रिकेवर तेच छापलं आहे आणि ते खोटं नाही. फक्त हे शब्द मला कुठे सापडले ते मी फोनवर सांगितलं नव्हतं. आता व्यासपीठावर येऊन बसलेच आहे, तर सांगते : ते मला व्हिस्कीच्या पेल्यात सापडले. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी दचकू नये. मी आजवर जेवढी व्हिस्की प्यायले असेन, तिने एक कपसुद्धा भरणार नाही. हुंगली मात्र पुष्कळ.

गोष्ट २०२१च्या एप्रिलपासूनची, दुसऱ्या लाटेतली. ताप पाच दिवसांत उतरला. सहाव्या दिवशी मी ओट्याशी उभी होते, समोर दूध तापत होतं आणि आतल्या खोलीतून आई ओरडली, "अगं, दूध करपतंय!" बघते तर पातेल्याचा तळ काळा झालेला. मी एका हातावर उभी होते आणि मला काहीही कळलं नव्हतं. त्यानंतर चार महिने घरात कुठलाच वास आला नाही. जेवण म्हणजे फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि तिखटाची आग. वरण आणि कढी यांतला फरक मी डोळ्यांनी करत असे.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशी चार तेलं सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वीसेक सेकंद हुंगायची. जर्मनीत ड्रेस्डेन इथल्या थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. डॉक्टर म्हणाले, नुसतं हुंगू नका, तो वास आठवा, मनात त्याला नाव द्या. मी साहित्याची विद्यार्थिनी, नाव देणं हे माझं काम. पण लवंग हुंगताना 'लवंग' यापलीकडे मला शब्द सुचेना. लवंगेचा वास कसा असतो? लवंगेसारखा. तीस वर्षं कवितेच्या आस्वादावर बोलत आले आणि इथे गाडी पहिल्याच स्टेशनात थांबली.

वास परतायला लागला तो वाकडा होऊन. कॉफी जळक्या रबरासारखी, कोथिंबीर साबणासारखी. त्याच सुमारास आमचे एक स्नेही घरी आले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बरकतपुऱ्यात राहतात, घरची भाषा तेलुगू, पण पत्नी नांदेडच्या म्हणून मराठी अस्खलित. त्यांना सिंगल माल्ट जमवण्याचा छंद आहे. पिणं बेताचं, बोलणं अमाप. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या चार बाटल्यांत चारच वास. माझ्या एका बाटलीत चाळीस सापडतील. प्यायचं नाही, फक्त हुंगायचं." डॉक्टरांनी हे सांगितलेलं नव्हतं, याची नोंद घ्यावी.

थोडी माहिती आवश्यक आहे. मोड आणलेले जव, पाणी आणि यीस्ट, एवढ्याच सामग्रीचं मद्य एकाच आसवनीत भांड्यांतून गाळायचं, ओकच्या लाकडाच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरवायचं आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी मद्यार्क न ठेवता बाटलीत भरायचं. स्कॉटलंडच्या सिंगल माल्टची ही अट २००९च्या ब्रिटिश नियमावलीत आहे. 'आसवनी' हा शब्द मी घडवलेला नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या पाट्यांवर 'आसवनी प्रकल्प' असं ठळक लिहिलेलं असतं, तिथून तो घेतला. परिभाषा समितीचं 'ऊर्ध्वपातन' वर्गाबाहेर कधी पडलं नाही. 'आसवनी' पडली, कारण तिथे माणसं रोज कामाला जातात.

आता एकाच आसवनीचा माल निरनिराळ्या रूपांत बाटलीत येतो. पिंप आधी कशाचं होतं, अमेरिकी बर्बनचं की स्पॅनिश शेरीचं? किती वर्षं मुरवलं? पाणी किती घातलं? थंड करून गाळलं की तसंच भरलं? कॅरॅमलचा रंग मिसळला का? एवढ्यावर दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे ऐकताना मला आपल्या क्षेत्रातली ओळखीची गोष्ट दिसली : पाठभेद. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या. ताडून पाहायला दोन प्रती लागतात, एकीवरून काही कळत नाही. वासाचंही तसंच. एक पेला पुढे ठेवला तर माणूस 'छान' म्हणतो. दोन ठेवले की त्याला बोलावं लागतं.

सरांनी पहिल्या दिवशी गोव्याच्या तीन बाटल्या आणल्या. कुंकळ्ळीच्या आसवनीतलं पॉल जॉन हे माल्ट २०१२ मध्ये आधी ब्रिटनच्या बाजारात गेलं, मग आपल्याला त्याचं अप्रूप वाटू लागलं. बंगळूरचं अमृतही असंच २००४ मध्ये ग्लासगोहून फिरून आलं. आपल्या लेखकांच्या बाबतीत हे घडतं तेव्हा आपण परिसंवाद घेतो. असो. तीन बाटल्यांची नावं 'ब्रिलियन्स', 'एडिटेड' आणि 'बोल्ड'. तिन्हींत मद्यार्क ४६ टक्के. फरक मुख्यतः धुराचा. पहिलीत धूर नाही, दुसरीत थोडा, तिसरीत भरपूर. हा धूर पीटचा. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेल्या वनस्पतींचा थर. तो कापून वाळवतात, जाळतात आणि त्याच्या धुरावर ओले जव सुकवतात. वर्गात मी 'पीट' म्हटलं की मुलं वहीत 'पीठ' लिहितात, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

सरांनी चिठ्ठ्या झाकून तीन पेले ठेवले आणि एक इंग्रजी तक्ता पुढे केला. एडिंबरा परिसरातल्या पेंटलँड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये व्हिस्कीच्या वासांचं एक चक्र तयार केलं. त्या धर्तीवर पुढे अनेक तक्ते झाले. ते वाचताना मी खजील झाले. हेदरची फुलं, टॉफी, किनाऱ्यावरची शेकोटी, मार्मलेड. यातली निम्मी वस्तू मी पाहिलेली नाही, उरलेली अर्धी हुंगलेली नाही. हेदर हुंगून आलेला माणूस 'हेदर' म्हणतो, तेव्हा तो आठवण सांगत असतो. मी म्हटलं तर ती नक्कल होईल. आणि हैदराबादच्या मोठ्या हॉटेलांत बसून हेदर-हेदर म्हणणारे आपले लोक कमी नाहीत.

तेवढ्यात आई आली. आई तेव्हा ७८ वर्षांची. माहेर नांदेड जिल्ह्यातलं, लग्नानंतरचं सगळं आयुष्य काचीगुड्यात. तिच्या एका काकांनी दारूपायी दोन एकर रान आणि बायकोचे दागिने घालवले होते. आमच्या घरात बाटली येणं ही साधी गोष्ट नव्हती. ती दारात उभी राहिली. सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "अम्मा, मॅडमच्या नाकासाठी आहे." आई काही बोलली नाही. मग जवळ आली, पदर नाकाशी धरून वाकली आणि पदर बाजूला केला.

"हा काकांच्या धोतराचा वास नाही," ती म्हणाली.

काकांच्या धोतराला आंबूस दर्प असायचा, नवसागराची झार असायची, हे तिने मग सांगितलं. हे शब्द मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकले नव्हते, कारण त्या वासाबद्दल आमच्या घरी कधी बोलणंच झालं नव्हतं. जवळजवळ कुठल्याच मराठी घरात होत नाही. आपल्या भाषेत मद्याच्या परिणामाचे शब्द पाहा : झिंग, नशा, तर्र, टुन्न, चढणे, उतरणे, झोकणे, ढोसणे. चवीचा शब्द सांगा म्हटलं तर शांतता. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, रंगभूमीवर आलं आणि तळीराम हे विशेषनाम सामान्यनाम होऊन बसलं. त्यात चूक काही नाही. आपल्याच शेजारी, १९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायकांनी साक्षरता वर्गात धडे वाचून सारा दुकानं बंद पाडली आणि पुढे सगळ्या आंध्र प्रदेशात सरकारला सारा बंद करावा लागला. भाषेनं घडवलेल्या इतक्या थेट चळवळी फार थोड्या असतील. ज्या घरात दारूने माणूस नेला, तिथे तिच्या चवीला नाव द्यायचं कुणी? पण त्या अबोल्यात एक गोष्ट हातची गेली. एक दारू आणि दुसरी दारू यांत फरक करणारी भाषा पिणाऱ्यांच्या गुत्त्यातच राहिली, कोशात आली नाही. इथे तेलंगणात ताडीचा कल्लू आणि शिंदीचा कल्लू गावकऱ्याला झाकल्या डोळ्यांनी ओळखू येतो. हैदराबादी उर्दूतली 'सेंधी' ती हीच आपली शिंदी.

एक वाक्प्रचार तेवढा बाहेर आला, 'पहिल्या धारेची'. आपण तो कवितेलाही लावतो. पहिल्या धारेची कविता म्हणजे अस्सल, कडक. सरांनी मला सांगितलं की व्हिस्कीच्या आसवनीत पहिली धार बाजूला काढतात, ती झोंबरी असते. शेवटचीही काढतात, तिला ओशट वास असतो. ठेवायची ती मधली. तेव्हापासून पुस्तकाच्या परीक्षणात हा शब्दप्रयोग करताना माझा हात अडखळतो.

पण आईकडे येते. पहिला पेला, धूर नसलेला. तिने नाक आत नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. म्हणाली, "काकवी. आणि केळं, पण पिकून काळं पडायच्या आदल्या दिवशीचं." मग थांबून, "ओलं खोबरं खवताना येतो ना, तसंही काही आहे." सर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी सांगितलं की अमेरिकी ओकमध्ये लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात आणि त्यांचा वास खोबऱ्याचाच असतो. आईला लॅक्टोन माहीत नाही. तिला खवणी माहीत आहे.

दुसरा पेला. "भाजलेल्या चण्याचा. खमंग, पण कडेला किंचित करपट." तिसरा. इथे ती बराच वेळ थांबली आणि हसली. "पावसाळ्यात दमट गोवरी पेटत नाही, नुसती धुमसते. त्या धुरात कुणी वाटी-वाटी गूळ टाकला तर?"

मी वही आणली. त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी तीन-तीन पेले, प्रत्येकात चमचाभर माल, आणि आई, सर, मी. आईने कधी ओठाला लावलं नाही. तिच्या अटीप्रमाणे पेले स्वयंपाकघरातल्या भांड्यांत मिसळायचे नाहीत. ते आजही बाल्कनीतल्या कपाटात असतात.

वही भरत गेली तसं माझ्या लक्षात आलं की मराठीत धुराची केवढी तरी प्रतवारी आहे. धुरकट वेगळं, करपट वेगळं, खरपूस वेगळं. खरपूस म्हणजे करपण्याच्या एक पाऊल अलीकडे हात थांबवला, त्यात कौशल्याची पावती आहे. धुरी लहान मुलाला न्हाऊ घालून देतात, ओवा आणि वावडिंग निखाऱ्यावर टाकून. धुंगार डाळीला देतात, कोळशावर तूप सोडून. आणि आपल्या हैदराबादेत तो कबाबाला देतात. हे सगळे धूरच, पण कुठल्या धुरामागे काय जळतं आणि कशासाठी, हे शब्दातच आलं आहे. आणखी एक. वासाचं नाम करायचं झालं की आपण 'आण' लावतो : करपटाण, जळकटाण, खवटाण, घामटाण. यातला एकही वास हवासा नाही. चांगल्या वासाला हा प्रत्यय लागलेला मला वहीभर सापडला नाही. नावडत्या वासाला आपण वस्तू करून दूर ठेवतो, आवडता वास विशेषणातच दरवळत ठेवतो. हे निरीक्षण भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुढे तपासावं.

सर्वांत जास्त शिकवलं ते लागाव्हुलिनच्या दोन बाटल्यांनी. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ही आसवनी १८१६ सालची. तिची सोळा वर्षं मुरवलेली बाटली, ४३ टक्क्यांची, प्रसिद्ध. २०१६ मध्ये द्विशताब्दीला त्यांनी आठ वर्षांची काढली, ४८ टक्क्यांची. पीट तेच, भांडी तीच, बेट तेच. सरांच्या भाच्याने दोन्ही आणल्या होत्या. आठ वर्षांच्या बाटलीबद्दल आईने क्षणभरात निकाल दिला : "हिरवा धूर. ओलं लाकूड चुलीत घातलंय आणि वर कुणी लिंबू पिळतंय." मीही हुंगलं, आणि मला तो धूर आला. रबराचा नाही, लाकडाचा आला. डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळे की काय, कुणी विचारलं नाही. एप्रिलपासून सातव्या महिन्यात मला पहिल्यांदा एक वास सरळ आला होता, आणि तो 'हिरवा' हे विशेषण घेऊन आला. माझी खात्री आहे की तो शब्द आधी कानावर पडला नसता, तर ते नाकाला सापडलं नसतं. वैद्यकाच्या लोकांना हे मान्य नसेल, मी साहित्याची आहे.

सरांनी मग पेल्यात चार थेंब पाणी घातलं आणि धूर वाढला. पाण्याने तो कमी व्हायला हवा, असं मला वाटलं होतं. धुराचा वास देणारं ग्वायकॉल हे द्रव्य, मद्यार्क थोडा पातळ केला की पृष्ठभागाकडे येतं, असं स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवलं आहे. आई म्हणाली, विझत्या चुलीवर पाणी शिंपडलं की असंच होतं, त्यात नवल काय.

त्या हिवाळ्यात मी एम.ए.च्या वर्गात एक प्रयोग केला. व्हिस्की नेणं शक्य नव्हतं, माझी नोकरी मला प्रिय आहे. पाच झाकलेल्या कुप्या नेल्या : ओवा, भाजलेलं जिरं, कापूर, ओली माती आणि मुद्दाम करपवलेलं दूध. अट एकच, वस्तूचं नाव घ्यायचं नाही, वास सांगायचा. बावीस विद्यार्थी. उत्तरं आली 'मस्त', 'स्ट्राँग', 'वेगळाच', 'आजीच्या घरासारखा'. करपलेल्या दुधाला बारा जणांनी 'बॅड स्मेल' लिहिलं. हेच विद्यार्थी विद्यानाथाच्या 'प्रतापरुद्रीया'वर टिपण लिहितात. वरंगळच्या काकतीय दरबारातल्या त्या ग्रंथात काव्याचा द्राक्षापाक आणि नारिकेलपाक सांगितला आहे, एक सहज विरघळणारा, दुसरा करवंटी फोडल्याखेरीज न मिळणारा. मुलं व्याख्या पाठ म्हणतात. द्राक्ष आणि नारळ यांच्या चवीतलं अंतर सांगा म्हटलं तर गप्प होतात. दोष त्यांचा नाही. चूल गेली, गोवरी गेली, दूध पिशवीतून येतं. वस्तू गेली की तिच्या वासाचा शब्द दोन पिढ्या तग धरतो, मग तोही जातो.

एक मुलगी मात्र आदिलाबादकडची होती, घरी मराठी आणि गोंडी दोन्ही. तिने ओल्या मातीच्या कुपीला लिहिलं, 'उबट नाही.' मी विचारलं, नाही म्हणजे? ती म्हणाली, "मॅडम, मोहाची फुलं वाळायच्या आधी ढिगात राहिली की आतून उबट होतात. गोड असतात पण उबट. ही माती तशी नाही, मोकळी आहे." मातीच्या वासाला 'मोकळा' म्हणणारी ही मुलगी परीक्षेत दुसऱ्या श्रेणीत आली. अकादमीकडे माझी मागणी आहे ती हीच. परिभाषा कोशांचे खंड निघोत, पण एक प्रकल्प अशा मुलींना सोबत घेऊन करा. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त १९३०च्या दशकात जे नोंदवलं गेलं, त्यातलं वासाचं किती अजून जिवंत आहे ते गावोगाव कुप्या घेऊन फिरल्याशिवाय कळणार नाही. टेबलावर बसून कळणार नाही हे नक्की.

सोळा वर्षांच्या बाटलीचं सांगायचं राहिलं. त्या रविवारी आईने तिसरा पेला हुंगला तो हाच. बऱ्याच वेळाने म्हणाली, "धूर आहे, पण निजलेला. खारीक आहे. मीठ आहे. आणि खाली एक आहे, तो मला ठाऊक आहे, लहानपणचा आहे. नाव येत नाही." सर त्यांच्या तक्त्यातून एकेक वाचत गेले, मी मराठी करत गेले : चामडं, जुनी पेटी, चहापत्ती, डांबर. ती मान हलवत राहिली. पुढे आठवडाभर मी मधूनच विचारायची, "आठवलं का गं?" ती भाजी निवडत म्हणायची, "नाही. येईल."

या गोष्टीला काही वर्षं झाली. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती आज आलेली नाही. वहीत त्या बाटलीपुढे तिच्या अक्षरात तारीख आहे, 'धूर (निजलेला), खारीक, मीठ' असं आहे, आणि खालची ओळ कोरी आहे. कागदाच्या काही पट्ट्या त्यात भिजवून मी झाकणाच्या डब्यात आणल्या आहेत. चहाच्या वेळी डबा आणि वही बाहेरच्या टेबलावर ठेवते. ज्यांना हुंगायचं असेल त्यांनी हुंगावं. शब्द सुचला तर पुढे आपल्या गावाचं नावही लिहावं.